एका ‘टी’पायी गेलेले ३१ दिवस

कुवेतमधल्या एका अमेरिकन तळावर मी एसी मेकॅनिक आहे. अरिफजान, ब्यूरिंग, अली अल सालेम ही नावं आखातात सगळ्यांना माहीत आहेत. त्यातला माझा तळ कुठला आणि कंपनी कुठली, ते लिहीत नाही. नोकरी चांगली आहे, अजून करतोय. पण पहिला महिना आठवला की आजही डोकं तापतं. गावाकडून सारखे फोन येतात, ‘तिकडं कसं यायचं?’ म्हणून एकदाच सगळं लिहितो.

इंटरव्ह्यू, मेडिकल, पोलीस क्लिअरन्स, व्हिसा, विमान हे सगळं दोन महिन्यांत उरकलं. इथे उतरल्यावर पुन्हा रक्त, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, मग इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि सिव्हिल आयडी म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र. तेही झालं. घोडं अडलं ते बॅजवर.

बॅज म्हणजे तळाच्या आत जायचं कार्ड. ते नसेल तर गेटच्या आत पाऊल नाही. आत पाऊल नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर पगार नाही. मुंबईत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीने माझी फाईल पास ऑफिसला पाठवली आणि मी खोलीवर बसून राहिलो. एका खोलीत आठ जण. पहाटे साडेतीनला सात जण बसला पळायचे आणि मी एकटा छताकडे बघत पडायचो. घरी बायकोला सांगत होतो की ड्यूटी सुरू झाली. कंपनीच्या ऑफिसात रोज विचारायचो, रोज एकच उत्तर, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ असे अकरा दिवस.

खोलीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचे एक चाचा होते, कुवेतमध्ये वीस वर्षं काढलेले. ते म्हणाले, “पोरा, इथे बसून कुणी सांगणार नाय तुला. उद्या आमच्या बसनं चल, खिडकीवर तू स्वतः उभा राहा.” मी गेलो. पास ऑफिस गेटच्या बाहेर आहे. पाचला रांगेत लागलो, दहाला नंबर आला. जुलै महिना, पत्र्याच्या शेडमध्ये शर्ट अंगाला चिकटून परत वाळला होता. खिडकीतल्या बाईने नाव टाकलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला. वर पासपोर्टवरचं नाव, खाली सिव्हिल आयडीवरचं. तिने पेनाचं टोक वडिलांच्या नावावर ठेवलं. विठ्ठल. वर एक टी, खाली दोन टी. फाईल दुसऱ्याच दिवशी कंपनीकडे परत पाठवली होती, म्हणाली. म्हणजे नऊ दिवस ती कंपनीत कुणाच्या तरी टेबलावर पडून होती आणि मला ‘प्रोसेसमध्ये आहे’ सांगत होते!

चूक एजंटच्या माणसाची. व्हिसाच्या अर्जात त्याने दोन टी मारले, तेच इकाम्यावर आलं, तेच सिव्हिल आयडीवर. आपल्याकडे विठ्ठल कसाही लिहा, विठ्ठलच. पण तिथे अक्षराला अक्षर जुळवतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. सैन्याचा तळ आहे तो, नाव जुळत नसलेला माणूस ते आत कसा घेतील? त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो फाईल दाबून बसणाऱ्यावर.

मग दुरुस्तीसाठी मंदूबच्या मागे लागलो. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. त्याचं एकच, ‘बुकरा.’ म्हणजे उद्या. शुक्रवार-शनिवार सरकारी ऑफिसं बंद, रविवारी गर्दी, सोमवारी त्याला दुसरं काम. वर त्याला माझा पासपोर्ट सापडेना. कारण उतरल्या दिवशीच ‘सेफ्टीसाठी’ म्हणून कंपनीने तो काढून घेतला होता आणि कुठल्या कपाटात ठेवला ते कुणालाच आठवत नव्हतं. पास ऑफिसच्या भिंतीवर एक पोस्टर पाहिलं होतं, कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही. अमेरिकेच्या सरकारी कंत्राटांचा तो नियमच आहे. २०१२ मध्ये ओबामांनी त्यासाठी आदेश काढला आणि तो सबकॉन्ट्रॅक्टरलाही लागू आहे. मी ऑफिसात जाऊन शांतपणे एवढंच म्हणालो, “पोस्टरवर हेल्पलाइनचा नंबर आहे, मी फोन करू का?” त्याच संध्याकाळी पासपोर्ट हातात आला. तेव्हापासून तो माझ्याच पेटीत आहे. तुम्हीही देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ प्रत देऊ नका.

चौदा दिवसांनी नवीन सिव्हिल आयडी मिळालं. एकच टी. मी ते कार्ड उन्हात धरून चार वेळा वाचलं.

पुन्हा फाईल, पुन्हा खिडकी, आणि मग फोटो, डोळ्यांचं स्कॅनिंग आणि बोटांचे ठसे. इथे आणखी एक सांगायचं राहिलं. आपल्या धंद्यात ब्रेझिंग म्हणजे तांब्याच्या नळ्या तापवून जोडायचं काम करून, कॉइल धुऊन बोटं घासलेली असतात, मशीन ठसे घेत नाही. माझा उजवा अंगठा सहा वेळा नाकारला. त्या माणसाने ओल्या कपड्याने पुसून, स्वतः दाबून धरला तेव्हा उमटला. ठशाच्या आधी आठवडाभर रात्री हाताला खोबरेल तेल लावा, त्या दिवशी मात्र साबणाने हात स्वच्छ धुऊन जा.

एकतिसाव्या दिवशी बॅज गळ्यात पडला. बायकोला फोन करून खरं सांगितलं. ती रडली, मग चिडली.

आता रोजचं अंगवळणी पडलंय. बस थांबते, सगळे खाली उतरतात, कुत्री बस हुंगतात, मोबाईल लॉकरमध्ये जातो. छतावरची कामं आम्ही पहाटेच उरकतो, कारण जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करायला कुवेतमध्ये बंदी आहे. ज्या देशात २०१६ साली मित्रिबाला ५३.९ अंश नोंदले गेले, तिथे बंद पडलेला एसी सुरू झाला की तंबूतली पोरं कशी बघतात, ते समाधान वेगळंच. एकाने एकदा दुकानातली पुठ्ठ्याची चकती दिली. तळावरच्या दुकानात सेंटच्या नाण्यांऐवजी सुट्टे म्हणून त्याच देतात. मुलासाठी ठेवलीय.

एजंटचं पण सांगतो. भारताच्या नियमाने नोंदणीकृत एजंट ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, आणि अमेरिकन कंत्राटाच्या कामाला तर कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायलाच मनाई आहे. मी ८०,००० भरले. पावती मागितली नाही, ती चूक माझी.

व्हिसाची प्रत आली की विमानाचं तिकीट बघायच्या आधी पासपोर्ट शेजारी ठेवा आणि एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचा. आईवडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळं. गेल्या महिन्यात कराडचा एक पोरगा येणार होता, त्याला मी व्हॉट्सअॅपवर दोन्ही फोटो पाठवायला लावले. आडनावात एक ए जास्त होता. तिथेच दुरुस्त करून घेतला. तो परवा आला, बॅज नवव्या दिवशी मिळेल असं म्हणतायत. उद्या पहाटे त्याला खिडकीवर मी नेणार आहे.