घटस्थापना ते तुळशीचं लग्न: सायकल कमी होत गेली, पळणं वाढत गेलं

शरदाच्या चांदण्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, घामाबद्दल कोणी लिहीत नाही. पुण्यात या दीड महिन्यात तीन हवामानं येऊन जातात: जाता जाता बडवून जाणारा पाऊस, मग ऑक्टोबर हीट, आणि दिवाळीच्या आगेमागे येणारी थंडी. यंदा ठरवलं होतं की आठवड्याचे व्यायामाचे तास तेवढेच ठेवायचे, पण सायकल आणि पळणं यांची वाटणी हवेवर सोपवायची. उकाडा आहे तोवर सायकल जास्त, गारवा आला की बूट जास्त. समोर डिसेंबरच्या पहिल्या रविवारची पुणे मॅरेथॉन आहे, त्यातली हाफ, म्हणजे अर्धी मॅरेथॉन, २१ किलोमीटर. १९८३पासून चालत आलेली ही शर्यत नेमकी थंडी स्थिरावल्यावर येते, त्यामुळे हे वेळापत्रक तिला बरं जुळतं.

असं का, तर पॅडल मारा नाहीतर पळा, शरीर जाळतं त्या ऊर्जेतली तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा उष्णता बनते. ती बाहेर पडायला घाम वाळावा लागतो आणि घाम वाळायला वारा लागतो. सपाटीवर ताशी २५ने सायकल चालवली की तो वारा फुकटात मिळतो. ताशी ९ने पळणाऱ्याला तो जेमतेम लागतो, आणि मागून झुळूक असेल तर तेवढाही नाही. नोव्हेंबरात हेच उलटं: सायकलवर बोटं आखडतात आणि पळणारा दुसऱ्या किलोमीटरला जॅकेट काढून कमरेला बांधतो.

घटस्थापना ते दसरा

हस्त नक्षत्र. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीननंतर ढगांची चढाई, संध्याकाळी गडगडाट. जुलैच्या झिमझिमीत पळायला मजा येते, पण हत्तीच्या पावसाची गोष्ट वेगळी, त्यात विजा असतात. वेताळ टेकडीचा माथा म्हणजे शहरातली सगळ्यात उंच जागा, साधारण ८०० मीटर. तिथे असल्या संध्याकाळी फिरकायचं नाही, हा नियम केला आणि पाळला. आठवड्यातले दोन छोटे रन सकाळी गल्लीतच उरकले. बाकी सगळी सायकल.

आवडता फेरा तोच: बोपदेव घाट चढायचा, भिवरी, चांबळीवरून सासवड, आणि दिवे घाटातून खाली. या दिवसांत त्याला तोड नाही. बोपदेवच्या पलीकडे दसऱ्यासाठी राखलेले झेंडूचे पट्टे पिवळे-केशरी झालेले असतात, सासवडच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात. (सीताफळ राइडवर खाऊ नये. बिया थुंकत हँडल धरणं ही वेगळी कला आहे. टोपीत गुंडाळून घरी न्यावं.) मात्र वर म्हटलेलं वाऱ्याचं गणित घाटात कोलमडतं. चढावर वेग ताशी ८-९वर येतो, वारा संपतो, आणि घाम हनुवटीवरून टॉप ट्यूबवर, म्हणजे सायकलच्या वरच्या दांड्यावर, टपकायला लागतो. म्हणून ऑक्टोबरात घाट सकाळी साडेसातच्या आत संपवायचा. उतरताना कितीही ऊन चालतं.

पावसाळ्याने सायकलची जी दशा केलेली असते तीही याच आठवड्यात निस्तरली. रिम ब्रेकवाल्यांनी (चाकाच्या कडेवर पॅड दाबून थांबणारे) पॅड काढून नीट बघा, पावसातली बारीक वाळू आणि ॲल्युमिनियमचे कण त्यात रुतून बसतात आणि रिम खरवडत राहतात. टाचणीने एकेक उकरून काढले. चेन डिझेलमध्ये धुतली, पुरती वाळवली, आणि पावसाळी घट्ट ल्यूबच्या जागी ड्राय ल्यूब टाकलं. पाऊस थांबला की रस्त्याकडेचा मुरूम आठवड्याभरात धूळ होऊन उडायला लागतो. घट्ट तेलावर ती बसली की चेनला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं.

दसरा ते कोजागरी

मान्सून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातून निघतो. ढगांचं छप्पर जातं, जमीन अजून ओली असते, आणि वरून ऊन रटरटवतं. तापमान ३२-३३च, म्हणजे एप्रिलच्या मानाने काहीच नाही. पण एप्रिलात हवा कोरडी असते. इथे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा, बघायची सवय लावून घ्या. हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये तो दिसतो. पहाटे नुसतं तापमान २१ वाचून आपण खूश होतो, पण दवबिंदूही २०-२१ असेल तर घाम नीट वाळत नाही. माझा ढोबळ नियम: दवबिंदू १५च्या खाली असेल तर घड्याळातला पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) बघायचा, १८च्या वर असेल तर फक्त हृदयाचे ठोके.

या काळात सोपा रन १४५ ठोक्यांच्या आत ठेवला. त्यात किलोमीटरला ७ मिनिटं १० सेकंद लागत होती, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत तर ठोके राखायला चालावं लागायचं. उकाड्यात हे व्हायचंच: रक्ताला स्नायूंकडेही जायचं असतं आणि कातडी थंड करायलाही, त्यामुळे त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. चालण्यात कमीपणा नाही. दहा ते चौदा दिवस रोज थोडा वेळ उकाड्यात काढला की शरीर जुळवून घेतं, रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून ऑक्टोबर हीट टाळून एसीतल्या ट्रेडमिलवर पळणारे मित्र मला कळत नाहीत. फुकट मिळतंय ते घ्या की.

बाटलीत लिंबू, साखर आणि मीठ, बाकी काही नाही. भोंडल्याच्या खिरापतीचा रिकव्हरीशी काहीही संबंध नाही, तरी तीही खाल्ली.

कोजागरीला रात्री खडकवासल्याची राइड. चौपाटीवर एवढी गर्दी की पाणी दिसेना, मग डोणज्याच्या बाजूला पुढे जाऊन थर्मासमधलं मसाला दूध प्यायलो. चांदणं कितीही पिठूर असलं तरी मागचा लाल दिवा लावा. तुम्हाला रस्ता दिसतो, गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही.

मधेच वारा फिरला

पावसाळाभर वारा पश्चिमेचा. लोणावळ्याकडे निघालं की जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर, म्हणजे थकल्यावर मदत. ऑक्टोबरच्या मध्यानंतर तो ईशान्य-पूर्वेकडून यायला लागतो आणि ऊन चढेल तसा वाढतो. आता लोणावळ्याला जाताना वाटतं की आपण भलतेच फॉर्मात आहोत, आणि परतताना तळेगावनंतर सगळा हिशेब चुकता होतो. त्यामुळे लांबची राइड आता पूर्वेला. सकाळी वारा मंद असतो तेव्हा त्याच्या विरुद्ध जायचं आणि दहा वाजता तो जोर धरतो तेव्हा त्याला पाठीवर घेऊन घरी. यवतपर्यंत जाऊन मागे फिरणं जमून गेलं.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांसाठी हा काळ वेगळ्या कारणाने महत्त्वाचा. त्यांचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं, आणि २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. थंड पहाट, कोरडा रस्ता, दुपारी सोसवणारं ऊन: पहिली २०० करायची असेल तर हीच वेळ. मी यंदा हाफसाठी ती सोडली, जड मनाने.

दिवाळी

नरकचतुर्दशीला पहाटे पळायचं की अभ्यंगस्नान करायचं हा आमच्या घरचा जुना वाद. यंदा तो हवेने मिटवला. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार थर झाकणासारखा राहतो, आणि फटाक्यांचा धूर त्या दोहोंत कोंडतो. उजाडताना तो सगळ्यात दाट असतो. ऊन तापून खालची हवा वर उठेपर्यंत, म्हणजे नऊ-दहापर्यंत, तो हलत नाही. त्यामुळे उटणं लावून निवांत अंघोळ, फराळ, आणि दहानंतर टेकडीवर हलका रन. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी. पहाटेच्या धुरात जोरजोरात श्वास घेऊन फिटनेस वाढतो असं मानणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

फराळाचा मात्र उपयोग आहे. रव्याचा लाडू जर्सीच्या खिशात भुगा होतो, बेसनाचा चिकटतो, चकली पाठीला टोचते. शंकरपाळे सर्वोत्तम. छोट्या पिशवीत मूठभर टाकले की दोन तासांची राइड निघते, आणि दोनशे रुपयांच्या एनर्जी जेलपेक्षा चव बरी.

दिवाळी ते तुळशीचं लग्न

आता पारडं पुरतं पळण्याकडे झुकलंय. सूर्योदय ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेसहाच्या आत व्हायचा, आता पावणेसातच्या आसपास गेलाय. पाषाण आणि एनडीएकडच्या रस्त्यांवर शिवाजीनगरपेक्षा स्पष्ट गार लागतं. सायकल आठवड्यातून एकदाच, तीही सिंहगड. गोळेवाडीपासूनच्या आठ-नऊ किलोमीटरच्या चढावर एक गंमत अनुभवा: पायथ्याशी कुडकुडायला होतं आणि वर जाल तसं ऊबदार लागतं. श्रमाने तर लागतंच, पण हवाही खरोखर उबदार असते, तेच झाकण. वरच्या वळणावरून खाली पाहिलं की खडकवासल्याच्या बाजूला धुक्या-धुराचा चपटा थर दिसतो आणि आपण त्याच्या वर असतो. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि उतरताना जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र. जुनी युक्ती आहे, महागड्या विंडचीटरइतकीच चालते.

टायरची हवा तपासा. ऑक्टोबरच्या दुपारी ८० पीएसआय भरलेली हवा दहा अंशांनी जास्त थंड पहाटे ७७च्या आसपास भरते, गळती नसतानाही. मोजूनच भरा, अंगठ्याने दाबून कळत नाही.

शनिवारी पूर्वेची राइड मात्र थांबवलीय. उसाचा गळीत हंगाम लागला की सोलापूर रस्त्याला आणि त्याच्या फाट्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारातच निघतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि उसाची कांडी रस्त्यावर पडलेली. पुढचं चाक त्यावरून घसरायला वेळ लागत नाही. उजाडल्यावर निघालं तर ठीक.

टेकडीवरचं गवत सोनेरी झालंय आणि कुसळं पिकलीत. जाळीदार मोजे घालून गेलात तर घरी बसून अर्धा तास कुसळं उपटा. घोट्यावरचे घट्ट विणीचे मोजे बरे पडतात. ओढ्याकाठी धोबी पक्षी शेपटी हलवत फिरताना दिसतायत, म्हणजे थंडी टिकणार.

आणि पेस. त्याच १४५ ठोक्यांवर आता किलोमीटरला ६ मिनिटं ३५ सेकंद लागतात, चालावं न लागता. दवबिंदू १३वर आलाय, त्यामुळे यातला मोठा वाटा हवेचा आहे, सगळं श्रेय पायांचं नाही. कितीचा वाटा कोणाचा हे बघायला ढगाळ, दमट सकाळची वाट पाहतोय. नोव्हेंबरात एखादी येतेच, त्या दिवशी तोच रस्ता तेवढ्याच ठोक्यांवर पळून बघेन. राइडवरून उतरल्या उतरल्या वीस मिनिटं पळण्याचा सराव आठवड्यातून एकदा चालू आहे. पहिली पाच मिनिटं पाय परके वाटतात, तेवढं सोडलं तर उत्तम.

पुढच्या रविवारी लाँग रन १६ किलोमीटरवरून १८वर न्यायचाय, विद्यापीठाच्या आवारातून पाषाण तलावापर्यंत आणि परत. बुधवारी सायकलला नवे ब्रेक पॅड बसवायचेत, जुने उकरून उकरून संपलेत.