नेमके कधी बिघडले?

शिकागोच्या साउथ साइडला वाढलेल्या माणसापुढे व्हाइट सॉक्स या तिथल्या बेसबॉल संघाचा विषय काढला, की तो संघाबद्दल काही बोलण्याआधी एक तारीख सांगतो. प्रत्येकाची तारीख वेगळी असते, पण ती पक्की ठरलेली असते आणि त्या दिवसापासूनच सगळे बिघडत गेले याविषयी त्याला तिळमात्र शंका नसते. बेसबॉलचे नियम मी या शहरात येऊन हळूहळू शिकलो. या तारखा मात्र कोणी न शिकवता पाठ झाल्या, कारण शेजारी, दफ्तरातले सहकारी आणि रेड लाइनच्या गाडीत ३५व्या रस्त्याच्या स्थानकाकडे निघालेले अनोळखी लोक त्या सतत एकमेकांना ऐकवत असतात.

बिघडले होते हे तर कोणीच नाकारत नाही. २०२४च्या हंगामात या संघाने १६२पैकी १२१ सामने गमावले. १९०१पासून बेसबॉलचे आधुनिक युग सुरू झाले असे मानतात आणि तेव्हापासून एका हंगामात इतके पराभव कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. १९६२च्या न्यू यॉर्क मेट्सच्या नावावर असलेला १२० पराभवांचा विक्रम बासष्ट वर्षे अबाधित होता. त्या उन्हाळ्यात संघ सलग २१ सामने हरला, ऑकलंडला एकदाचा जिंकला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना नारळ मिळाला. २१ पराभव होईपर्यंत थांबून जिंकल्यावर माणसाला काढण्याची ही रीत पाहून आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी एवढेच म्हटले, की या संघाला निर्णयसुद्धा वेळेवर हरता येत नाही. भर म्हणून मैदानाला २०१६ साली एका गृहकर्ज कंपनीचे नाव दिले गेले होते आणि त्या कंपनीचे चिन्ह होते खाली रोखलेला लाल बाण. चाहत्यांना विनोदासाठी फार कष्ट पडले नाहीत.

वाद समजण्यापुरती घडण सांगतो. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे आज कोणाला खेळवायचे आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, केव्हा बदलायचा हे मैदानाकाठी बसून ठरवणारा माणूस. खेळाडूंचे करार आणि संघासंघांतली अदलाबदल, म्हणजे ट्रेड, ही कामे जनरल मॅनेजरची. त्या दोघांच्या वर मालक. चाहत्यांचा राग खेळाडूपासून सुरू होऊन या पायऱ्या एकेक करून चढत जातो आणि वरच्या पायरीवर पोहोचला की तिथेच अडकतो, कारण जेरी रेन्सडॉर्फ १९८१पासून तिथे बसलेले आहेत. त्याच वर्षी, याच शहरात, बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. मंडळाचे अध्यक्ष निदान बदलत तरी असतात.

शेजारच्या गृहस्थांची तारीख आहे जून २०१६. त्या महिन्यात जनरल मॅनेजर रिक हान यांनी सॅन डिएगोकडून जेम्स शील्ड्स हा अनुभवी पिचर घेतला आणि बदल्यात एक तरुण पिचर व एक सतरा वर्षांचा मुलगा दिला. त्या मुलाने तोवर एकही व्यावसायिक सामना खेळला नव्हता. त्याचे नाव फर्नांडो टाटिस ज्युनियर. शील्ड्स यांनी शिकागोत निराशाच केली, आणि तो मुलगा सॅन डिएगोचा तारा झाला. २०२१ साली त्याला १४ वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा करार मिळाला. हा किस्सा गृहस्थ असा सांगतात, की जणू तो मुलगा त्यांच्याच घरातून गेला आहे. मला मात्र ही तारीख कधीच पटली नाही. त्या जूनमध्ये त्या पोराचे नावही फारशा कोणाला ठाऊक नव्हते, आणि ज्याची खंत त्या दिवशी कोणाला वाटली नाही, तो व्यवहार पाच वर्षांनी निकाल हातात घेऊन मूर्खपणाचा ठरवणे म्हणजे उत्तरपत्रिका समोर ठेवून परीक्षा देणे होय. ट्रेडचा न्याय करायचा, तर त्या दिवशी काय माहीत होते, याच मापाने करायला हवा, असे माझे मत आहे, आणि या मतापायी अंगणातल्या गप्पांत माझी बाजू बहुधा अल्पमतात असते.

दफ्तरातल्या एका सहकाऱ्याची तारीख आहे फेब्रुवारी २०१९, आणि तिच्यात करमणूक सर्वांत अधिक आहे. त्या हिवाळ्यात मॅनी मचाडो हा मोठा फलंदाज करारमुक्त होता. त्याला वळवण्यासाठी सॉक्सने काय करावे? त्याचे मेहुणे योंडर अलोन्सो यांना ट्रेड करून आणले आणि त्याचा मित्र जॉन जे यालाही संघात घेतले. सोयरिकीच्या आधाराने सौदा करण्याची ही पद्धत आपल्याला काही नवीन नाही. मचाडो यांना सॉक्सने २५ कोटी डॉलर देऊ केले, सॅन डिएगोने ३० कोटी दिले आणि मचाडो तिकडे गेले. शिकागोच्या पदरी मेहुणे उरले. तेही बॅटने काही करू शकले नाहीत आणि उन्हाळ्यातच त्यांना निरोप द्यावा लागला.

या तारखेत हसण्यापलीकडचेही काही आहे, असे मला वाटते. २०१६च्या डिसेंबरात सॉक्सने आपला सर्वोत्तम पिचर क्रिस सेल बॉस्टनला देऊन योआन मोन्काडा आणि मायकल कोपेक या तरुणांना आणले. पुढच्या जुलैत होजे किंताना शहरातल्याच कब्स संघाला देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ आणले. चाहत्यांना सांगण्यात आले, की काही वर्षे हरावे लागेल, मग पोरे तयार होतील आणि मग पैसा ओतू. चाहत्यांनी ते मान्य केले. २०१७ साली ९५ पराभव सोसले, २०१८ साली १००, आणि कुरकुर न करता सोसले, कारण हरण्याला हेतू होता. मचाडोच्या वेळी प्रथमच दिसले, की पोरे तयार होतील, पण पैसा ओतण्याचा भाग कदाचित तसा घडणार नाही.

तिसरी तारीख ऑक्टोबर २०२०. संघ नुकताच बारा वर्षांनी प्लेऑफपर्यंत पोहोचला होता. असे असूनही मॅनेजर रिक रेन्टेरिया यांना काढले आणि त्यांच्या जागी टोनी ला रूसा यांना आणले. ला रूसा यांचे कर्तृत्व वादातीत होते, ते हॉल ऑफ फेममध्ये होते. पण ते ७६ वर्षांचे होते, आणि नऊ वर्षे त्यांनी संघ चालवला नव्हता. १९८६ साली सॉक्सनेच त्यांना काढले होते आणि मालकांना त्या निर्णयाची खंत होती. ती मिटवायला मालकांनी ऐन बहरात आलेला तरुण संघ वापरला, असे चाहत्यांचे म्हणणे आहे. २०२१ साली ९३ सामने जिंकून हा संघ आपल्या गटात पहिला आला, हे ते सोयीने विसरतात. मात्र जून २०२२मधला डॉजर्सविरुद्धचा तो प्रसंग कोणी विसरत नाही. ट्रे टर्नर बॅटिंगला होता आणि तिसरा स्ट्राइक मिळाला की बाद होणार होता. दोन स्ट्राइक झालेले असताना ला रूसा यांनी त्याला मुद्दाम फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिले. पुढच्या मॅक्स मन्सीने लगोलग तीन धावांचा होमरन, म्हणजे कुंपणापार जाणारा फटका, मारला. त्या घटनेबद्दल विचारले, की अत्यंत सभ्य माणसेही सभ्यपणा बाजूला ठेवून उत्तर देतात.

खेळाडूंचा वाद आमच्याकडे पुण्याचा एक मित्र चालवतो. त्याच्याकडे आकड्यांचा साठा आहे आणि दयामाया नाही. मोन्काडाला २०२० साली ७ कोटी डॉलरचा करार दिला, लुईस रॉबर्टला सर्वोच्च लीगचा एकही सामना खेळण्याआधी ५ कोटींचा. टिम अँडरसन २०१९ साली लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज होता आणि २०२३च्या अख्ख्या हंगामात त्याने एकच होमरन मारला. अँड्र्यू बेनिन्टेंडी यांचा साडेसात कोटींचा करार संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा, आणि त्या वर्षी त्यांची बॅट थंड. मित्राचा मुद्दा असा, की एकेक खेळाडू बिघडला असता तर दोष त्याचा. सगळे एकदम बिघडले तर दोष त्यांना घडवणाऱ्यांचा. हा मुद्दा मला बिनतोड वाटतो, आणि माझी स्वतःची तारीख त्यातूनच निघते.

ऑगस्ट २०२३मध्ये मालकांनी रिक हान आणि त्यांचे वरिष्ठ केनी विल्यम्स या दोघांनाही एकदम काढले. साउथ साइडला दिवाळीच आली. मग नव्या माणसाचा व्यापक शोध घेण्याऐवजी काही दिवसांतच क्रिस गेट्झ यांची नेमणूक झाली. गेट्झ आधी याच संघात खेळाडू घडवण्याच्या विभागाचे प्रमुख होते. म्हणजे जो विभाग नापास झाला होता, त्याच्याच प्रमुखाला बढती. बाहेरच्या माणसाला संघ समजून घ्यायलाच वर्ष जाईल, असे मालकांनी समर्थन केले. ते वाचलेले वर्ष १२१ पराभवांचे निघाले. इथे माझे माप लागू पडते, कारण त्या दिवशी जे कळायला हवे होते ते सगळे डोळ्यांसमोर होते.

सप्टेंबर २०२४मध्ये १२० पराभवांवर असताना संघ घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस एंजल्सशी तीन सामने खेळला. विक्रमी पराभव आपल्या डोळ्यांदेखत व्हावा म्हणून लोक तिकिटे काढून आले, आणि संघ विका, असा घोष मालकांच्या नावाने स्टेडियमभर झाला. संघाने तीनही सामने जिंकले. दुसऱ्या सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये विजयी फटका मारला तो त्याच बेनिन्टेंडी यांनी. जिंकल्याबद्दल नाराज व्हावे, की ज्याला वर्षभर बोल लावले त्याने जिंकून दिल्याबद्दल, हे ठरवण्यात काही चाहत्यांची ती रात्र गेली. विक्रम अखेर दोन दिवसांनी डेट्रॉइटला झाला आणि त्याच संध्याकाळी डेट्रॉइटने प्लेऑफमध्ये जागा पक्की केली.

हे वेड इथलेच आहे असे नाही. २०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबईच्याच कर्णधाराची मुंबईच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तेव्हा मूळ राग एका ट्रेडचाच होता, आणि ती मुंबई शेवटच्या क्रमांकावर राहिली. फरक इतकाच, की तिथे १४ सामन्यांत सुटका झाली.

इथे तळाला राहण्याचा मोबदलाही मिळाला नाही. खालच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा क्रमांक मिळावा, असा सर्वसाधारण न्याय आहे. पण सॉक्सला २०२४ साली वरची निवड मिळाली होती आणि शिकागोसारख्या मोठ्या, कमाई वाटणाऱ्या शहराच्या संघाला ती सलग दोनदा मिळू शकत नाही, म्हणून आधुनिक युगातल्या सर्वाधिक पराभवांनंतर हा संघ निवडीत दहावा आला. मे २०२५मध्ये पोप झालेले लिओ चौदावे हे सॉक्सचे जुने चाहते आहेत, हे कळल्यावर शेजारच्या गृहस्थांना क्षणभर उभारी आली. त्या वर्षीही १०२ पराभव झाले.

आता वाद गॅरेट क्रोशेवर आला आहे. डिसेंबर २०२४मध्ये गेट्झ यांनी हा पिचर बॉस्टनला दिला आणि काइल टील, ब्रेडन मॉन्टगोमेरी, चेस मिड्रॉथ व विकलमन गोन्सालेझ असे चौघे आणले. पुढच्याच हंगामात क्रोशेने २५५ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि १८ सामने जिंकले. इकडे टील व मिड्रॉथ यांनी आपापल्या परीने आशा दाखवली. शेजारी म्हणतात, पुन्हा तोच टाटिस. मी म्हणतो, करार संपत आलेला, दुखण्यातून उठलेला पिचर १२१ हरणाऱ्या संघाने ठेवून करायचे काय? मग ते हळूच विचारतात, की हा ट्रेड चांगला ठरला तर माझ्या ऑगस्ट २०२३चे काय, कारण तो करणारा माणूस तोच आहे. मालकीबद्दल जो करार जाहीर झाला आहे, त्यानुसार गुंतवणूकदार जस्टिन इश्बिया यांना संघ आपल्या ताब्यात घेण्याचा हक्क २०३४च्या हंगामानंतर मिळेल, त्याआधी विकायचे की नाही हे रेन्सडॉर्फ ठरवतील. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हा दोघांना भरपूर हंगाम मिळाले आहेत, आणि ते कुठे पाहायचे, यावरही आमचे अजून एकमत झालेले नाही.