ऊर्जा मीटर, नोंद ३: २००/५ चे सीटी काढले, १५०/५ दोन वेढ्यांनी बसवले

सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर: केबलमधला मोठा प्रवाह ठरलेल्या प्रमाणात कमी करून मीटरला देतो, २००/५ म्हणजे २०० अँपिअरला ५. आधी हिशेब. थ्री-फेज ४०० व्होल्ट, कमाल लोड ३० किलोवॅट, पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि प्रवाह किती जुळून चालतात त्याचा आकडा) ०.९. ३०००० ÷ (१.७३२ × ४०० × ०.९) म्हणजे साधारण ४८ अँपिअर. ब्रेकर ६३ चा. मग २००/५ कशाला? "मोठा असलेला बरा" एवढंच कारण, आणि तिथेच मापन बिघडतं. रात्रीचा लोड फेजला दीड अँपिअर, म्हणजे २०० च्या ०.७५ टक्के. क्लास १ (सीटीच्या अचूकतेचा दर्जा) ची हमी ५ टक्क्यांपासून, म्हणजे १० अँपिअरपासून सुरू होते, आणि तिथेही ३ टक्के चूक चालते. त्याच्या खाली मीटर आकडा दाखवतो, पण त्या आकड्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

सरळ उपाय ६०/५ किंवा ७५/५. पण खिडकीतून (सीटीच्या मधल्या भोकातून) केबल एकदाच जाणाऱ्या सीटीत ६० अँपिअर म्हणजे फक्त ६० अँपिअर-टर्न (अँपिअर गुणिले वेढे). एवढ्यावर छोट्या कोअरमधून चांगला क्लास आणि पुरेसा व्हीए (वायर आणि मीटरचा भार पेलण्याची ताकद) दोन्ही निघणं अवघड. म्हणून १५०/५, क्लास ०.५एस, ५ व्हीए असे सीटी घेऊन केबल खिडकीतून दोनदा काढली. गुणोत्तर ७५/५ झालं, कोअरला मात्र ७५ अँपिअरला १५० अँपिअर-टर्न मिळतात. दीड अँपिअर आता २ टक्क्यांवर येतो, आणि ०.५एस ची हमी १ टक्क्यापासून आहे. १६ चौरस मिमीच्या दोन केबल ३० मिमीच्या खिडकीत आरामात बसतात.

वेढे मोजताना डोळे खिडकीच्या आत ठेवा. बाहेर एक वेटोळं दिसतं तेव्हा आतून केबल दोनदा गेलेली असते. बाहेरचं मोजून बरेच जण फसतात. मीटरमध्ये ७५/५ भरा, १५०/५ राहिलं तर युनिट नेमके दुप्पट दिसतील.

बर्डन, म्हणजे सीटीच्या सेकंडरीवर (मीटरकडच्या बाजूवर) वायर आणि मीटरचा पडणारा भार. सीटी ते मीटर ८ मीटर, जाऊन-येऊन १६. अडीच चौरस मिमी तांब्याचा रोध ०.०१७५ × १६ ÷ २.५ = ०.११२ ओहम. ५ अँपिअरला २५ × ०.११२ = २.८ व्हीए. मीटर स्वतः ०.२ खातो. एकूण ३, पाचात बसतं. जुने सीटी २.५ व्हीएचे होते, म्हणजे नुसत्या वायरीनेच ते ओलांडले होते! अंतर याहून जास्त असेल तर १ अँपिअर सेकंडरी घ्या, त्याच वायरीत ०.११ व्हीए. उलट १५ व्हीएचा सीटीही इथे नको. क्लास साधारण २५ ते १०० टक्के बर्डनसाठीच सांगितलेला असतो.

फेजकोनाकडे, म्हणजे सीटीतून जाताना प्रवाह कोनात किती सरकतो याकडे, फार कमी लोक बघतात. क्लास १ ला पूर्ण प्रवाहावर ६० मिनिटांची (कोनातली मिनिटं, म्हणजे १ अंशाची) सूट आहे. पॉवर फॅक्टर १ ला ती जाणवत नाही, पण कमी लोडवर फिरणाऱ्या मोटरच्या ०.५ ला त्यातून किलोवॅटमध्ये ३ टक्के चूक येते. हीटर लावून सगळं बरोबर दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका.

तरी तपासणी हीटरनेच सुरू करा, उलटसुलट जोडणी तिथे लगेच दिसते. प्रत्येक फेजला ३ किलोवॅट लावला की २३० व्होल्टला १३ अँपिअर यायला हवेत, पॉवर फॅक्टर १ च्या जवळ. एका फेजचे किलोवॅट उणे आले तर प्रायमरीची (केबलकडची) पी१-पी२ किंवा सेकंडरीची एस१-एस२ टोकं उलटी. तसंच सोडलं तर समतोल लोडला एकूण बेरीज तिसऱ्या हिश्शावर येते. हीटरवर पॉवर फॅक्टर उणे ०.५ दिसला तर सीटी आर फेजवर आणि व्होल्टेज दुसऱ्याच फेजचं, असं समजा.

मीटर काढण्याआधी शॉर्टिंग लिंक (सेकंडरीची टोकं आपसात जोडणारी पट्टी) लावाच. प्रायमरी चालू असताना सेकंडरी उघडी पडली तर टोकांवर जीवघेणा व्होल्टेज येतो, आणि कोअरमध्ये चुंबकत्व शिल्लक राहिलं तर नंतरचं मापनही बिघडतं. एस२ टोकं एकाच ठिकाणी अर्थ केली आहेत, मीटरजवळ दुसरं अर्थिंग नाही.