अक्षतंतू वाढतो कसा आणि थांबतो का

हाताची चेता तुटली आणि नीट जोडली गेली, तर तिच्यातील अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे संदेश वाहून नेणारे लांब धागे, दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. मेरुरज्जूतील तंतू मात्र तुटला की जवळजवळ वाढतच नाही. या फरकाचे उत्तर पेशीच्या संकेतव्यवस्थेत आहे, आणि जीवशास्त्रात याहून महत्त्वाचे प्रश्न फार थोडे असतील असे मला मनापासून वाटते.

वाढत्या अक्षतंतूच्या टोकाला हाताच्या पंजासारखा पसरलेला, सतत हालचाल करणारा भाग असतो. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये त्याचे वर्णन केले. त्याला ग्रोथ कोन म्हणतात. त्याच्या पटलावरील रिसेप्टर बाहेरची प्रथिने ओळखतात आणि आत रॅक, सीडीसी-४२ व रो ही छोटी प्रथिने चालू-बंद करतात. ढोबळमानाने, पहिली दोन अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे, पेशीला आकार देणारे धागे पुढे वाढवतात, तर रो-ए हे प्रथिन रॉक या एन्झाइममार्फत त्याच धाग्यांना आकुंचित करून टोक मागे ओढते. सेमाफोरिन ३-ए या दूर लोटणाऱ्या प्रथिनाचा स्पर्श झाला की काही चेतापेशींचे हे टोक काही मिनिटांत अक्षरशः कोसळते.

रीता लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले त्यामागे चेतावृद्धी घटकाचे, म्हणजे एनजीएफचे, काम होते. हा घटक ट्रक-ए रिसेप्टरला चिकटतो आणि आत पीआय३-कायनेज व मॅप-कायनेज हे वाढीचा संदेश पुढे नेणारे एन्झाइमांचे मार्ग जागे होतात. रॉबर्ट कँपेनॉट यांनी १९७७ मध्ये एकाच पेशीच्या शाखा वेगवेगळ्या कप्प्यांत वाढवल्या आणि एका कप्प्यातील एनजीएफ काढून घेतले, तेव्हा पेशीला ते दुसरीकडून मिळत असूनही त्या कप्प्यातील शाखांची वाढ थांबली आणि त्या झडू लागल्या. वाढीचा निर्णय प्रत्येक शाखेच्या पातळीवरही होतो, हे इतक्या साध्या मांडणीतून सिद्ध व्हावे याचे मला आजही अप्रूप वाटते.

परंतु संकेताचा अर्थ केवळ संकेतात नसतो. १९९७ मध्ये मू-मिंग पू यांच्या गटाने बेडकाच्या चेतापेशींवर दाखवले की नेट्रिन-१ या दिशादर्शक प्रथिनाकडे आकर्षित होणारा ग्रोथ कोन, पेशीतील सायक्लिक एएमपी या छोट्या संदेशवाहक रेणूचा मार्ग दाबला की, त्याच नेट्रिनपासून दूर वळतो. बाहेरचे प्रथिन तेच होते. बदलली होती ती पेशीची आतली अवस्था.

मेरुरज्जूच्या प्रश्नाकडे याच दृष्टीने पाहावे लागते. सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी १९८१ मध्ये प्रौढ उंदरांच्या मेंदू व मेरुरज्जूला पायाच्या चेतेचा तुकडा पुलासारखा जोडला, तेव्हा न वाढणारे म्हणून समजले गेलेले तंतू त्यातून सुमारे ३० मिलिमीटर वाढले. म्हणजे दोषाचा मोठा वाटा परिसराचा होता. मार्टिन श्वाब यांच्या प्रयोगशाळेने मायलिनमधील, म्हणजे अक्षतंतूभोवतीच्या आवरणातील, नोगो-ए या प्रथिनाचा माग काढला. तेही शेवटी रो आणि रॉक यांनाच चेतवून टोक रोखते.

तरीही बाहेरचा अडथळा दूर करणे पुरेसे ठरले नाही, कारण वाढीची आतली यंत्रणाच वयानुसार मंदावलेली असते. २००८ मध्ये झिगांग ही (Zhigang He) यांच्या गटाने प्रौढ उंदरांच्या दृष्टिपटलातील चेतापेशींमधून पीटेन हे जनुक काढून टाकले. हे जनुक पीआय३-कायनेजचा मार्ग दाबून ठेवते. तो दाब गेल्यावर एमटॉर हे पेशीची वाढ चालवणारे प्रथिन सक्रिय राहिले आणि दृक्‌चेतेतील तंतू जखमेपलीकडे वाढले. माझ्या मते हा या क्षेत्रातील सर्वांत निर्णायक प्रयोग आहे, परंतु त्याच्या आधारे रुग्णांना तयार उपचाराची आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. पीटेन हे कर्करोगाला आवर घालणारे जनुक असल्यामुळे ते माणसात कायमचे बंद करता येणार नाही. शिवाय प्रयोगातही थोड्याच पेशींचे तंतू वाढले, आणि वाढलेल्या तंतूला मेंदूतील योग्य पेशीपर्यंत पोहोचून तिच्याशी सायनॅप्स, म्हणजे संदेश देणारा सांधा, जोडावाच लागतो, एरवी त्या लांबीचा दृष्टीला काही उपयोग नसतो.