काकींचा अर्धा वाटा
2025 चा अर्थसंकल्प झाला आणि गोव्यात फोंड्यातल्या माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात येणारा प्रत्येक जण एकच आकडा बोलू लागला: 12 लाख. तेवढ्यापर्यंत कर नाही, मग चिंता कसली! मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काकींसोबत आलेले काकाही त्याच खुशीत. वर्षभरापूर्वी कारखान्यातून निवृत्त झालेले. 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी, 20 लाख एफडीत 7 टक्क्यांनी, आणि नोकरीत असताना दरमहाच्या एसआयपी हप्त्यांनी जमवलेले इक्विटी (शेअर बाजारातले) फंड. सगळं काकांच्या नावावर. पावसाआधी घराचं छप्पर बदलायचं, म्हणून फंड मोडायचे होते. त्यात नफा 9 लाख.

पुण्याच्या पुतण्याने एक्सेलमध्ये बेत करून दिला होता. एप्रिलमध्ये सगळं एकदम विका; व्याज 3.86 लाख, नफ्यातून सव्वा लाखाची सूट वजा, एकूण 12 लाखांच्या आत, कर शून्य. शीट देखणी होती, रंगबिरंगी. गोम एवढीच की 12 लाखांपर्यंतचा तो रिबेट, म्हणजे करमाफी, शेअर-फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावरच्या कराला लागू नाही. त्या हिशोबाने काकांना 95 हजारांच्या आसपास कर बसला असता, वर सेस (उपकर).

मी शीट बाजूला ठेवली आणि विचारलं, "काका, लग्न गोव्यातच नोंदवलंय ना? लग्नाआधी मालमत्तेचा काही करार?"

"करार कसला गो बाय? नारळ-सुपारी झाली, पुढच्या महिन्यात लग्न."

मग झालंच. करार नसेल तर आपल्याकडच्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. तेव्हाच्या, 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 5-अ तेच मानत होतं: पगार ज्याचा त्याचा, बाकी सगळं उत्पन्न निम्मं-निम्मं. पेन्शन पगारातच मोडते, पण काकांची ईपीएसची (भविष्यनिर्वाह निधीवाल्यांची) पेन्शन इतकी किरकोळ की पगार-पेन्शनवर सरसकट मिळणाऱ्या प्रमाणित वजावटीतच संपते. व्याज आणि फंडाचा नफा मात्र दोघांचा. पुण्यात नवऱ्याने बायकोच्या नावावर पैसे ठेवले तरी त्यांचं उत्पन्न नवऱ्याच्याच हिशोबात धरतात. पुतण्याला हे सुचणार कुठून?

काकी तोवर गप्प होत्या. "म्हणजे ह्यांच्या व्याजातलं अर्धं माझं? कधीपासून?"

"लग्नापासून."

काकांनी पंख्याकडे पाहिलं.

हिशोब असा बसला. व्याज प्रत्येकी 1.93 लाख. नव्या करप्रणालीत त्या वर्षी 3 लाखांपर्यंत कर नव्हता, म्हणजे 1.07 लाखांची जागा रिकामी. त्यावर नफ्याची सव्वा लाखाची सूट. प्रत्येकाला 2.32 लाखांपर्यंतचा नफा करमुक्त. म्हणून दोघांचा मिळून साडेचार लाखांचा नफा मार्चमध्ये, तेवढाच एप्रिलमध्ये. एप्रिलपासून मर्यादा 4 लाखांवर जाणारच होती. फंडात आधी घेतलेली युनिट आधी विकली जातात आणि जुन्यांवर नफा जास्त, त्यामुळे अर्धी युनिट विकून चालणार नव्हतं. स्टेटमेंट घेऊन एकेका हप्त्याचा नफा मांडत गेलो. घाई त्यात आणखी: 30 तारखेला रविवारी पाडवा, 31 ला ईदची सुट्टी, बाजाराचा शेवटचा दिवस शुक्रवार 28. दुपारी तीनच्या आत अर्ज गेला पाहिजे. गेला. अडीचला.

उरलेलं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकलं. कर दोन्ही वर्षी शून्य.

काकांनी 15एच (कर लागत नाही, कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म) भरलेला नव्हता, त्यामुळे व्याजावर 38,600 रुपये टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला गेला होता. रिटर्न दोन भरले, दोन्ही आयटीआर-2 या फॉर्मवर, कारण 5-अ चं परिशिष्ट साध्या आयटीआर-1 मध्ये नव्हतं. टीडीएसही निम्मा-निम्मा दाखवला. काकींचा तो आयुष्यातला पहिला रिटर्न. रिफंडसाठी त्यांनी स्वतःच्या बचत खात्याचा नंबर पासबुकातून दोनदा वाचून दाखवला.

पुढे एका सकाळी काकांचा फोन. "बाय, तिचे 19,300 आले. माझे कधी येणार?"