आरटीई असताना तुमची संस्था कशाला?

देणगीची पावती फाडताना हमखास विचारलं जातं: आरटीईत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात, प्रवेश मोफत, पुस्तकं सरकारची, मग तुमची संस्था पैसे घालवते कशावर? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आरटीईतल्या मुलांच्या नववी-दहावीवर.

हा कायदा २००९चा, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, आठवीपर्यंतचा. खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांवर घेतलेलं मूल आठवी पास होतं आणि पालकांच्या हातात नववीच्या पूर्ण फीचा कागद पडतो. ‘मग शिष्यवृत्ती घ्या ना!’ आठवीतल्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, खरं आहे. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. विनाअनुदानित शाळेत आरटीईतून शिकणारं मूल कितीही गरीब असो, ते अपात्रच. हे दरवर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं, याचा खरोखर वैताग येतो.

एका मुलीचं सांगते. वडील हमाल, आई धुणीभांडी करते. नववीसाठी तिला अनुदानित मराठी शाळेत घालायचं ठरलं. जुन्या, इंग्रजी माध्यमाच्या शाळेने दाखला अडवला: बसचं आणि सहलीचं ‘इतर शुल्क’ बाकी. दाखल्याशिवाय नवी शाळा पटावर नाव घेईना. मुलांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी सरल पोर्टलवर नव्या शाळेची विनंती जुनीने मान्य करावी लागायची, तेही अडलं. अशा वेळी तोंडी विनवण्यांचा उपयोग नसतो. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज दोन प्रतींत लिहायचा, एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा आणि ती पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्यायची. शाळा अर्जच घेत नसेल तर पोस्टाने, पोचपावतीसह. कायद्याचं कलम ५ दाखला ताबडतोब द्या म्हणतं, पण तो आधारही आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता, आणि शाळेला हे पक्कं ठाऊक होतं. दाखला मिळेपर्यंत गणपती होऊन गेले. सहामाहीत विज्ञानाची उत्तरं तिला येत होती, पण मराठीत लिहिताना जोडाक्षरापाशी पेन थांबायचं. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले.

बाकी रक्कम संस्थेने भरली असती तर दाखला त्याच दिवशी मिळाला असता, असं आमच्यातलेच काही म्हणतात. एकदा भरली की पुढच्या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावावर अशीच बाकी निघते, असं मी म्हणत आले. तिचे वाया गेलेले महिने आठवले की माझंच म्हणणं मला टोचतं. तरी ते चूक आहे असं आजही म्हणवत नाही.

आता सहावी-सातवीतच पालकांशी बोलतो. त्याच शाळेत राहायचं असेल तर नववीची फी आम्ही हप्त्यांनी, थेट शाळेच्या खात्यात भरतो. रोख कुणाच्याही हातात देत नाही. पावती मुलाच्या नावाची घ्यायची, त्यावर इयत्ता आणि वर्ष लिहून घ्यायचं, नाहीतर तीच फी पुन्हा बाकी म्हणून दाखवली जाते. शाळा बदलायची असेल तर आठवीच्या आत बदला, असं सांगतो: दाखल्याला कलम ५चा आधार असतो, आठवी अनुदानित शाळेत झाली तर एनएमएमएसची वाटही उघडते आणि मराठीत लिहायचा हात बसायला वेळ मिळतो.

बहुतेक आया ऐकून घेतात आणि विचारतात, इंग्रजी शाळेतून काढायचंच होतं तर पहिलीत फॉर्म कशाला भरून घेतलात?