बफेलोला उत्तेजनार्थ

परदेशातल्या मराठी मंडळाची संक्रांत पंचांगावर ठरत नाही, हॉल कधी स्वस्तात मिळतो त्यावर ठरते. आम्ही तेव्हा बफेलोला राहायचो. न्यूयॉर्क राज्याचं पार पश्चिमेचं टोक, नायगारा अगदी जवळ, आणि जानेवारीत दार उघडायला आधी फावडं शोधावं लागेल एवढा बर्फ. मंडळ लहान, तिजोरी त्याहून लहान. त्यामुळे १९९१ साली २७ जानेवारीचा रविवार जवळजवळ फुकटात मिळाला तेव्हा कार्यकारिणीने स्वतःचीच पाठ थोपटली. त्या दिवशी हॉल दुसऱ्या कुणालाच कसा नको, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही.

त्या दिवशी सुपर बोल होता. अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत, आणि तिथवर आमच्या गावचे बफेलो बिल्स पहिल्यांदाच पोचले होते. हॉलची देखभाल करणाऱ्या आजोबांनी आमच्याकडे असं पाहिलं, की लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर कुणी वर्गणी मागायला आलंय.

चारचा कार्यक्रम सव्वापाचला सुरू झाला. तिळाच्या वड्यांची स्पर्धा होती, पण परीक्षक मिळेना, कारण ज्याला विचारावं त्याची बायको स्पर्धेत. शेवटी तटस्थ माणूस म्हणून आजोबांनाच बसवलं. त्यांनी मन लावून अकरा वड्या खाल्ल्या आणि जाहीर केलं, "सगळ्याच पहिल्या!" हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत पाकाशी झगडलेल्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे माझी आणि हिची सारखी?"

मला नवल वाटलं नाही. आमचा मुलगा तेव्हा गावातल्या लीगमध्ये सॉकर खेळायचा, म्हणजे मैदानात उभा राहून विमानं बघायचा. एवढ्या लहान पोरांचे गोल मोजायचे नाहीत असा तिथे नियम. कडेला उभे असलेले बाप मात्र बोटांवर मोजत असायचे. वर्षाअखेरीला प्रत्येकाला हातभर ट्रॉफी. मी खूप हसलो, आणि मग बायकोने माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची आठवण काढली. मला जन्मात एकच बक्षीस मिळालंय. धावण्यात सहावा, उत्तेजनार्थ, स्टीलची साबणदाणी. धावलो सहाच जण होतो.

वड्यांचा निकाल शेवटी चिठ्ठ्या टाकून लावला. काकूंचा नंबर आला नाहीच.

रात्री दहाच्या सुमारास आम्ही पुरुष मंडळी स्वयंपाकघरात पातेली घासत होतो. ओट्यावर आजोबांचा छोटा टीव्ही. बिल्स १९, न्यूयॉर्क जायंट्स २०, आणि शेवटचे आठ सेकंद. स्कॉट नॉरवुड नावाचा खेळाडू ४७ यार्डांवरून चेंडू मारणार होता. या खेळातलं ओ की ठो न कळणारे आम्ही सगळे घासण्या हातात धरून उभे राहिलो. चेंडू दोन खांबांच्या मधून जायला हवा होता. तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला.

आजोबांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली. आमच्यातला एक जण समजूत घालायला पुढे झाला. "एकाच गुणाने हरले, म्हणजे बरोबरीतच की!" मग त्याने कसोटी क्रिकेट समजावून सांगितलं. पाच दिवस खेळ, मध्ये जेवण, चहा, आणि शेवटी कधी कधी कुणीच जिंकत नाही. आजोबा म्हणाले, "मग जातात कशाला?"

उत्तेजनार्थ द्यायला आणलेली एक वाटी भांडणात तशीच राहून गेली होती. काकूंनी तीत तिळगूळ भरला आणि आजोबांच्या हातात दिली. 'उत्तेजनार्थ'ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर बराच खल झाला. शेवटी मी सांगितलं, "हरलात, पण पुढच्या वर्षी नक्की या."

आता नॉरवुडचं काही खरं नाही, असं मला वाटत होतं. आपल्याकडे क्रिकेटपटूंच्या घरांवर दगड पडलेत. दुसऱ्या दिवशी गावातल्या नायगारा स्क्वेअर चौकात हजारो माणसं जमली आणि ज्याचा नेम चुकला त्याच्याच नावाचा गजर केला. "आम्हाला स्कॉट हवा!" हा देश फक्त जिंकणाऱ्यालाच ओळखतो, असं मी घरी पत्रांतून लिहीत आलो होतो. ते पुढच्या पत्रात जरा सावरून घेतलं.

फार नाही. कारण पुढच्या वर्षी बिल्स पुन्हा आले आणि वॉशिंग्टनकडून हरले. १९९३ साली डॅलसने ५२-१७ असं धुतलं. ओळीने चार वर्षं सुपर बोल गाठणारा दुसरा संघ आजवर झालेला नाही, पण हे कुठल्याही अमेरिकन माणसाला सांगून बघा. तो म्हणेल, चारही हरले. वयाच्या पाचव्या वर्षी सगळेच पहिले आणि पंचविसाव्या वर्षी दुसरा आला तो हरला. मधल्या पायऱ्या कुणी काढून नेल्या?

आमचा हॉल मात्र दर वर्षी त्याच रविवारी, त्याच भावात. तिसऱ्या पराभवानंतर आजोबांना आमच्या तिळगुळाचा संशय येऊ लागला. "तुमचा तो लाडवांचा सण एक रविवार पुढे घ्या ना. भाडं तेवढंच लावतो." १९९४ साली आम्ही तो खरंच पुढे ढकलला. बिल्स पुन्हा डॅलसकडूनच, ३०-१३ ने हरले. मंडळाच्या नावावरचा डाग पुसला गेला.

१९९५ च्या जानेवारीत त्यांचाच फोन आला. "हवा तो रविवार घ्या. यंदा आपण नाही."

किल्ल्या घ्यायला गेलो. टेबलावर ती वाटी होती, किल्ल्या तीतच. त्या काढून देत त्यांनी विचारलं, "वड्यांची स्पर्धा आहे ना? या वेळी मी नंबर काढणार."